सर, स्कोप कशात आहे? जून हुहचं प्रकरण

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की एमएस्सी पार्ट टूची दोन-तीन पोरं स्टाफरूमच्या दारात घुटमळायला लागतात आणि प्रश्न ठरलेला, सर स्कोप कशात आहे. नंबर थिअरी घेऊ की अनॅलिसिस, टोपॉलॉजीला जागा निघतात का, ग्राफ थिअरी सोपी म्हणतात ते खरं का, आणि हल्लीचा नवा प्रश्न म्हणजे डेटा सायन्सला जवळचं काय पडेल. नेट झालेली असते किंवा द्यायची असते, पीएचडीच्या इंटरव्ह्यूत एरिया विचारतात हे कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, आणि पोरांना ते स्थळाला होकार देण्यासारखं वाटतं, एकदा हो म्हटलं की जन्मभर तेच. माझं विचाराल तर मी ठरवलंच नव्हतं, ज्या गाईडकडे जागा रिकामी होती त्यांचा विषय तो माझा विषय झाला, आणि पुढची पाच वर्षं मी असल्या गोष्टीवर घालवली जी आज मला स्वतःला रविवारी सकाळी उघडून बघावीशी वाटत नाही. असो.

म्हणून दोन वर्षं झाली, मी उत्तर देणं सोडलंय. त्याऐवजी एक केस सांगतो, जून हुहची. गणितातला सगळ्यात मोठा मान समजलं जाणारं फील्ड्स मेडल २०२२ ला मिळालेल्या चौघांपैकी एक. मेडल मिळालं म्हणून नाही सांगत, मेडल मिळालेल्यांच्या गोष्टी बहुतेक बोअर असतात, सातव्या वर्षी कॅल्क्युलस, चौदाव्या वर्षी ऑलिंपियाड, आपण ऐकून मान हलवायची आणि घरी जायचं. याची तशी नाहीये. याच्याकडे वयाच्या तेवीस-चोवीसपर्यंत एरिया सोडा, गणित हा विषयच नव्हता.

जन्म १९८३ चा, अमेरिकेत स्टॅनफर्डला, कारण आईवडील तेव्हा तिथे शिकत होते. मग लहान असतानाच सगळे दक्षिण कोरियात सोलला परत. वडील स्टॅटिस्टिक्सचे प्रोफेसर, आई रशियन भाषा आणि साहित्याची. म्हणजे घरी पुस्तकांना तोटा नाही, आणि वडिलांना वाटणार की पोराला गणित आपणच शिकवावं. त्यांनी गणितांचं एक वर्कबुक आणून दिलं, हा मागची उत्तरं बघून उतरवायचा. वडिलांच्या लक्षात आलं, त्यांनी उत्तरांची पानंच काढून टाकली. तर या पठ्ठ्याने काय करावं, पुस्तकाच्या दुकानात जाऊन तेच पुस्तक शोधलं आणि तिथे उभं राहून उत्तरं लिहून आणली. वडिलांनी त्यानंतर नाद सोडला. (आपल्याकडे अपेक्षितमधून उतरवणारी पोरं बघितली की मला हे आठवतं आणि मी जरा गप्प बसतो.)

पुढे सोळाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडली, कशासाठी तर कवी व्हायचं म्हणून. कविता काही कुठे पोचल्या नाहीत. मग सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत ॲडमिशन, विषय फिजिक्स आणि ॲस्ट्रॉनॉमी, आणि डोक्यात बेत असा की सायन्स जर्नलिस्ट व्हायचं. डिग्रीला सहा वर्षं लागली, काही कोर्स परत करावे लागले. हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्याकडे एक एटीकेटी लागली की पोरगं येऊन म्हणतं सर आता रिसर्च संपलं ना.

आता प्रकरण जिथे सुरू होतं ती जागा. शेवटच्या वर्षी त्याच्या युनिव्हर्सिटीत हिरोनाका व्हिजिटिंग प्रोफेसर म्हणून शिकवायला आले. हेइसुके हिरोनाका, १९७० चे फील्ड्स मेडलवाले, जपान-कोरियात नाव एकदम मोठं. हुहने कोर्स लावला तो गणितासाठी नाहीच, त्याचा हिशोब असा की पत्रकार व्हायचंय तर पहिली मुलाखत या माणसाची घेऊ. पहिल्या दिवशी वर्गात सुमारे २०० पोरं होती. काही आठवड्यांत उरली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कारण हिरोनाका पाठ्यपुस्तक शिकवतच नव्हते, स्वतः त्या वेळी ज्याच्यावर विचार करत होते तेच फळ्यावर मांडायचे, सिद्धता मधेच अडकायची, परत मागे यायचं, कधी चुकायची. गणिताच्या पोरांना ते झेपेना, आणि झेपत नाहीये याचा त्यांना त्रास व्हायला लागला. हुहला त्रास होईना, कारण त्याची अपेक्षाच नव्हती. त्याला थिअरमं कळत नव्हती पण मधे मधे येणारी छोटी उदाहरणं कळत होती, तेवढ्यावर तो टिकला.

विषय होता सिंग्युलॅरिटी थिअरी. काय असतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. एखादी वक्ररेषा बघा, बहुतेक ठिकाणी ती गुळगुळीत असते, पण काही बिंदूंपाशी गडबड असते, एकतर ती स्वतःलाच छेदते किंवा तिला टोक येतं. अशा गडबडीच्या जागा म्हणजे सिंग्युलॅरिटी. आता गर्दीचा चौक डोळ्यांपुढे आणा, दोन रस्ते एकमेकांना आडवे जातायत आणि मधे सगळा घोळ. उपाय काय, एक रस्ता उचलून फ्लायओव्हर करायचा. वरून ड्रोनने फोटो काढला तर अजूनही दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसतील, पण खऱ्यात ते कुठेच भेटत नाहीत. म्हणजे घोळ हा सपाट फोटोतला होता, एक मिती वाढवली की सुटला. हिरोनाकांनी १९६४ मध्ये सिद्ध केलं ते साधारण हेच, की कितीही मितींचा बीजगणिती आकार असो, त्याच्या सगळ्या गडबडी अशा पद्धतीने, टप्प्याटप्प्याने, सोडवता येतात. अट एकच, आकडे आपल्या नेहमीच्या जगातले हवेत, मॉड्युलो एखादी मूळ संख्या, म्हणजे तिने भागून फक्त बाकी धरलेले, असे नकोत. पेपर २०० पानांच्या वर.

ती अट वाचली की मराठी माणसाला एक नाव आठवायलाच पाहिजे. श्रीराम अभ्यंकर. मॉड्युलो मूळ संख्या असलेल्या त्या अवघड जगात पृष्ठभागांसाठी, म्हणजे दोन मितींसाठी, हाच प्रश्न अभ्यंकरांनी १९५० च्या दशकातच सोडवला होता. जन्म उज्जैनचा, वाढले ग्वाल्हेरला, बीएस्सी मुंबईत, मग हार्वर्डला ऑस्कर झारिस्कींकडे पीएचडी, आणि पुढे १९७६ ला पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं तेच. हिरोनाकाही झारिस्कींचेच विद्यार्थी, म्हणजे दोघे गुरुबंधू. आणि हिरोनाका झारिस्कींकडे पोचले कसे, तर झारिस्की १९५६ ला क्योटोला व्याख्यानं द्यायला गेले होते तिथे हा पोरगा त्यांना भेटला. पन्नास वर्षांनी सोलमध्ये तीच गोष्ट परत घडली, फक्त हिरोनाका आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते. एरिया कसा निवडतात असं विचारलं की मला हे आधी सांगावंसं वाटतं, की झारिस्की ते हिरोनाका ते हुह या साखळीत कुणीच स्कोपचा तक्ता बघितलेला दिसत नाही.

तर मुलाखत. हुह त्यांच्याबरोबर दुपारचं जेवायला लागला. प्रश्न विचारायचे होते पत्रकारितेचे, पण गप्पा गणिताकडेच वळायच्या. त्याला निम्मं कळायचं नाही, तो कळल्यासारखी मान हलवायचा, आणि हिरोनाकांना बहुधा कल्पनाच नव्हती की समोरच्याने अजून बेसिक अल्जिब्राचे कोर्ससुद्धा केलेले नाहीत. घरी जाऊन मग तो ती मान हलवलेली गोष्ट शोधत बसायचा. जर्नलिझम राहिलं बाजूला, त्याने तिथेच गणितात मास्टर्सला नाव घातलं. सुट्ट्यांमध्ये हिरोनाका जपानला गेले की हाही मागोमाग, क्योटो, टोकियो, त्यांचं सामान उचल, बरोबर जेव, बरोबर राहा. आपल्याकडे गायन शिकणारे गुरूच्या घरी राहून तंबोरा लावायला शिकायचे, जवळपास तसंच. गणितात हे आता कुणी करत नाही. दोन वर्षं तो एकाच माणसाच्या डोक्यात कशी उदाहरणं फिरतात ते बघत होता, आणि माझ्या मते त्याने एरिया निवडला तो इथे, फक्त तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं.

इथे जरा थांबून बघू, त्याच्यापुढे पर्याय काय होते. वय पंचवीस. एक, फिजिक्सची डिग्री होती, त्यात पुढे जायचं, पण मार्कांची बोंब. दोन, जर्नलिझम, जे ठरलेलं होतं. तीन, गणितच करायचं पण शहाण्यासारखं, म्हणजे आधी दोन वर्षं अल्जिब्रा, अनॅलिसिस, टोपॉलॉजी रीतसर पक्कं करून मग विषय बघायचा, माझ्यासारख्या कुठल्याही मास्तरने हेच सांगितलं असतं. चौथा पर्याय त्याने घेतला, की ज्या एका गोष्टीची गोडी लागलीय तिच्यातच खोल जायचं आणि बाकीची भोकं लागतील तशी बुजवायची. कागदावर हा सगळ्यात वाईट पर्याय आहे आणि त्याची किंमतही त्याला लगेच मोजावी लागली. हिरोनाकांनी सांगितलं अमेरिकेत पीएचडीला अर्ज कर, याने डझनभर ठिकाणी केले. शिफारसपत्र कुणाचं, तर फील्ड्स मेडलवाल्याचं. तरी एक सोडून सगळ्यांनी नाही म्हटलं. बीएस्सीला गणित नाही, ॲडव्हान्स्ड कोर्स मोजकेच, ग्रेड यथातथा, त्या कमिटीत मी असतो तर मीपण नाहीच म्हटलं असतं. हो म्हणणारी एकच, इलिनॉयची अर्बाना-शँपेनची युनिव्हर्सिटी. २००९ ला तिथे गेला.

आणि तिथे पहिल्याच वर्षी त्याच्यापुढे ग्राफ थिअरीतला एक जुना प्रश्न आला (ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा). ही युनिव्हर्सिटी म्हणजे तीच जिथे ॲपेल आणि हाकेन यांनी १९७६ ला नकाशा रंगवायला चार रंग पुरतात हे कॉम्प्युटर वापरून सिद्ध केलं होतं, नंतर त्या डिपार्टमेंटच्या टपालावर "चार रंग पुरतात" असा शिक्काच मारायचे. हुहच्या पुढ्यात आलेला प्रश्नही रंगांचाच.

प्रश्न काय ते कॅरमवरून सांगतो. चौघं कॅरमला बसलेत, समोरासमोर पार्टनर. नियम असा की शेजारी बसलेल्या दोघांचे टीशर्ट एका रंगाचे नकोत, समोरच्याचा तोच चालेल. तुमच्याकडे तीन रंगांचे टीशर्ट आहेत, तर किती प्रकारे घालता येतील? आधी एक पार्टनर जोडी घ्या. दोघांनी एकच रंग घातला तर रंग निवडायचे ३ प्रकार, आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी २ रंग मोकळे, म्हणजे ३ गुणिले २ गुणिले २, झाले १२. दोघांनी वेगवेगळे घातले तर ३ गुणिले २ म्हणजे ६ प्रकार, आणि उरलेल्या दोघांना एकच रंग शिल्लक, म्हणजे ६. एकूण १८. आता तीनच्या जागी कितीही रंग, समजा र रंग, तर याच पद्धतीने सूत्र निघतं: र चा चौथा घात, वजा ४ वेळा तिसरा घात, अधिक ६ वेळा वर्ग, वजा ३ वेळा र. तीन घालून बघा, ८१ वजा १०८ अधिक ५४ वजा ९, आले ना १८.

याला क्रोमॅटिक पॉलिनॉमिअल म्हणतात, बर्कहॉफने १९१२ ला चार रंगांच्या प्रश्नासाठीच काढलेलं. आता चिन्हं विसरा आणि नुसते आकडे बघा, १, ४, ६, ३. चढतात आणि मग उतरतात. एकदा चढून एकदाच उतरतात, उंटासारखी दोन वशिंडं नाहीत. माणसं म्हणजे बिंदू आणि शेजार म्हणजे रेघ, असा कुठलाही ग्राफ घ्या, हजार बिंदूंचा घ्या, कसाही वेडावाकडा, आकडे असेच निघतात. रोनाल्ड रीडने १९६८ ला म्हटलं की हे नेहमीच असं असणार, आणि मग चाळीस वर्षं ते कुणालाच सिद्ध करता आलं नाही. नंतर लोकांनी आणखी कडक अंदाज बांधला, की मधल्या कुठल्याही आकड्याचा वर्ग हा त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या गुणाकारापेक्षा कमी नसणार, जसं ६ चा वर्ग ३६ आणि ४ गुणिले ३ म्हणजे १२. कॉम्बिनेटोरिक्सवाले, म्हणजे असली मोजणी करणारे, अडकले का तर त्यांचं नेहमीचं हत्यार इथे बोथट पडतं. एक रेघ पुसून किंवा दोन बिंदू एकत्र करून मोठा ग्राफ लहान करायचा आणि इंडक्शन लावायचं, म्हणजे लहानाचं खरं त्यावरून मोठ्याचं खरं दाखवायचं, ही त्यांची पद्धत, पण त्यात दोन सूत्रांची वजाबाकी होते, आणि दोन गुळगुळीत टेकड्यांची वजाबाकी टेकडीच येईल याची काहीच गॅरंटी नाही.

हुहला ते आकडे बघून सिंग्युलॅरिटीतलं काहीतरी आठवलं. मिल्नर नंबर म्हणून एक प्रकार आहे, गडबडीच्या बिंदूला एक पूर्णांक चिकटवायचा, गडबड किती मोठी ते सांगणारा. साध्या चौकाला १, टोकाला २, असं. मिल्नरने तो मांडला १९६८ लाच, म्हणजे रीडने आपला प्रश्न विचारला त्याच वर्षी. चाळीस वर्षं दोन्ही गोष्टी एकाच लायब्ररीत दोन वेगळ्या कपाटांत होत्या.

जोडणी अशी. कॅरमवाल्या चौघांना प्रत्येकी एकेक आकडा द्या, आणि प्रत्येक शेजारी जोडीसाठी दोघांच्या आकड्यांची वजाबाकी करा, चार जोड्या, चार वजाबाक्या. मग त्या चारींचा गुणाकार करा. हा गुणाकार शून्य कधी होतो? कुठल्यातरी शेजारी जोडीचा आकडा सारखा असेल तेव्हा, म्हणजे नियम मोडला की. तर तो गुणाकार शून्य असणारे सगळे बिंदू मिळून एक आकार तयार होतो, बरीच प्रतलं एकमेकांना छेदणारा, म्हणजे नुसत्या चौकांचा ढीग. त्या आकाराच्या सिंग्युलॅरिटी मोजणारी, मिल्नर नंबरच्या घराण्यातली आकड्यांची एक रांग असते, आणि हुहने दाखवलं की रंगांच्या सूत्रातले आकडे थोड्या हिशोबाने त्याच रांगेतून निघतात. आणि तसली रांग चढून उतरते, वर्गाची ती कडक अटसुद्धा पाळते, हे भूमितीकडून येतं. रंगांचा प्रश्न संपला. ऑगस्ट २०१० ला पेपर नेटवर टाकला तेव्हा अमेरिकेत येऊन त्याला एकच वर्ष झालं होतं.

पोरांना मी इथे थांबून विचारतो, आता सांगा याचा एरिया काय. निम्मी म्हणतात ग्राफ थिअरी, निम्मी म्हणतात अल्जिब्राइक जॉमेट्री, कारण सिंग्युलॅरिटी तिच्यात येतात. एकदा मागून एकाने सांगितलं "सर, कॅरम."

पुढचं पटापट सांगतो. मिशिगन युनिव्हर्सिटीने त्याला भाषणाला बोलावलं, आधी तिथेही त्याचा अर्ज नापास झालेला. २०११ ला तो तिकडेच गेला आणि २०१४ ला मिर्चा मुस्ताटांकडे पीएचडी. मधल्या काळात एरिक कॅट्झबरोबर हेच आणखी पुढे नेलं, ग्राफच्या ऐवजी मॅट्रॉइडसाठी. मॅट्रॉइड म्हणजे ग्राफमध्ये आणि व्हेक्टरांमध्ये "हे यावर अवलंबून आहे" असं जे समान असतं तेवढंच वेगळं काढलेलं, व्हिटनीने १९३५ ला मांडलेलं. रोटा, हेरन आणि वेल्श यांचा अंदाज होता की तिथेही आकडे असेच वागतील. जे मॅट्रॉइड खऱ्या व्हेक्टरांपासून येतात त्यांचं काम झालं, कारण तिथे मागे भूमिती उभी असते. पण बहुतेक मॅट्रॉइड तसे नसतातच. म्हणजे ज्या कारखान्यातून हत्यार आलं तो कारखानाच तिथे नाही. मग करीम अदिप्रसितो, हुह आणि कॅट्झ तिघांनी २०१५ ला काय केलं तर हॉज थिअरी या भूमितीतल्या विषयातले जे नियम लागत होते ते भूमितीशिवाय, नुसत्या कॉम्बिनेटोरिक्सच्या जोरावर नव्याने उभे केले. पेपर ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स या जर्नलमध्ये आला २०१८ ला. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सगळ्यात भारी वाटतो, पहिल्या पेपरात त्याने सिंग्युलॅरिटीकडून उसने आणले, दुसऱ्या टप्प्यात सावकारच गायब झाल्यावर घरातच टांकसाळ काढली. २०२२ ला हेलसिंकीत मेडल मिळालं, वय एकोणचाळीस.

आता यातून काय घ्यायचं यावर माझं आणि आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका मॅडमचं पटत नाही. त्या म्हणतात ही केस पोरांना सांगूच नये, पोरं म्हणतील कोर्स नापास झाले तरी चालतं, फक्त मोठा माणूस गाठायचा. मुद्दा खोटा नाही. त्या वर्गातून उठून गेलेल्या दीड-दोनशे पोरांची केस कुणी लिहिलेली नाही, त्यांच्यातली बरीच चांगली गणिती झाली असतील, आणि नाही झेपला कोर्स तर सोडणं हे शहाणपणच असतं. शिवाय हुहच्या घरी दोन प्रोफेसर होते, पुढची दोन-चार वर्षं कमावलं नाही तर काय, हा प्रश्न आमच्या पोरांइतका त्याच्या मानेवर बसलेला नव्हता असं मला वाटतं. आमच्याकडची मुलगी नेट-जेआरएफ झाली नाही तर घरचे पुढच्या मे महिन्याची तारीख काढतात. तिला मी हिरोनाका शोध म्हणून काय सांगू. हिरोनाका आमच्या तालुक्याला येत नाहीत.

पण तरी मी सांगतो, आणि त्याचं कारण वेगळं आहे. पोरं एरिया निवडतात म्हणजे नाव निवडतात. फंक्शनल अनॅलिसिस हे नाव भारदस्त वाटतं, कॉम्बिनेटोरिक्स हलकं वाटतं, नंबर थिअरीला ग्लॅमर आहे, डिफरन्शिअल इक्वेशन्स म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरी. त्या नावाखाली रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं असतं हे विचारलं तर सांगता येत नाही. हुहकडे नाव नव्हतं, खिशात वीस-पंचवीस उदाहरणं होती. हिरोनाकांच्या फळ्यावरची, जेवताना ऐकलेली, परत परत काढून बघितलेली. त्याला सिंग्युलॅरिटी थिअरी "येत" होती असं म्हणणं जरा धाडसाचंच, त्याला त्यातली काही माणसं ओळखीची होती असं म्हणू. ओळखीचं माणूस पुण्याच्या स्टेशनवर गर्दीत पाठमोरं दिसलं तरी आपण ओळखतो ना, तसं रीडच्या आकड्यांत त्याने ओळखलं. जे ग्राफ थिअरी आयुष्यभर करत होते त्यांच्या ओळखीचं ते माणूसच नव्हतं, आणि जे सिंग्युलॅरिटीवाले होते ते त्या स्टेशनवर कधी उतरलेच नाहीत.

म्हणून मी आता पोरांना एरिया विचारत नाही. विचारतो की गेल्या सहा महिन्यांत असं कुठलं एक उदाहरण आहे जे परीक्षा झाल्यावरही तू कारण नसताना परत काढून बघितलंस. बरीच पोरं गप्प होतात. काही जण खोटं बोलतात, ते लगेच कळतं, कँटर सेट म्हणतात आणि पुढे बोलता येत नाही. कधीतरी एखादं खरं उत्तर येतं, एका पोराने सांगितलं की त्याला आठ एलिमेंटच्या दोन नॉन-अबेलियन ग्रुपमध्ये फरक काय हे बसमध्ये बसल्या बसल्या काढायला आवडतं. ठीक आहे की, रिप्रेझेंटेशन थिअरीचं एक पुस्तक हातात दिलं, बघू. दुसरं मी सांगतो ते म्हणजे उन्हाळ्यात एमटीटीएससारख्या गणिताच्या शिबिराला जा, १९९३ पासून चालू आहे, तिथे चार आठवडे शिकवणारी माणसं फळ्यासमोर अडकतात कशी आणि सुटतात कशी ते जवळून दिसतं. हिरोनाका नाही, पण निदान अडकलेला माणूस दिसतो, आमच्याकडे लेक्चरमध्ये तो दिसत नाही कारण आम्ही नोट्स घेऊन येतो.

या फेब्रुवारीला एक मुलगी आली, तिचाही प्रश्न स्कोपचाच. केस सांगितली, नेहमीसारखा कॅरम काढला, १, ४, ६, ३ फळ्यावर लिहिलं. ती थँक्यू सर म्हणून गेली, मला वाटलं गेली ती गेली. चार दिवसांनी परत आली, हातात वहीचं मागचं पान. कॅरमला चारच्या ऐवजी पाच जण गोल बसवले होते तिने, सूत्र स्वतः काढलेलं, एका ठिकाणी वजाबाकी चुकवून खोडलेली. आकडे निघाले होते १, ५, १०, १०, ४. बरोबर होते, मी उभ्या उभ्या तपासले.

"सर, दोन दहा शेजारी शेजारी आलेत, हे चालतं का? शिखर एकच पाहिजे होतं ना?"

म्हटलं चालतं, सपाट माथा चालतो, खाली जाऊन परत वर यायला नको एवढंच. वर्गाची अट लाव बघू. तिने तिथेच दारात उभं राहून लावली, १० चा वर्ग १००, शेजारी ५ आणि १०, पन्नास. पुढचा १०, शेजारी १० आणि ४, चाळीस. मग म्हणाली, "सहाला माथा सपाट येईल की टोकदार?"

मला पटकन सांगता येईना. तिला म्हटलं तूच काढ, मला चार वाजताचं लेक्चर आहे.